मेणबत्ती खात्याची हरकत

आयन रँडच्या ‘अँथम’ या शंभरेक पानांच्या कादंबरीत एक बैठक आहे. जगातल्या विद्वानांची परिषद भरलेली आहे. लांबलचक टेबल, आणि भिंतीवर ज्या वीस थोर पुरुषांनी मेणबत्तीचा शोध लावला त्यांचं भलंमोठं चित्र. या परिषदेपुढे एक रस्ते झाडणारा तरुण काचेची पेटी घेऊन उभा राहतो. तो तारा जोडतो, आतली तार हळूहळू लाल होते आणि मग लख्ख उजळते. विद्वान मंडळी खुर्च्या सोडून उठतात आणि भिंतीला पाठ लावून एकमेकांना बिलगून उभी राहतात.

भीती ओसरल्यावर हरकती सुरू होतात, आणि त्या अगदी ओळखीच्या आहेत. हे काम तू एकट्याने केलंस, मग ते चांगलं कसं असेल? झाडूवाल्याने विद्वानांच्या प्रांतात नाक खुपसायचं कारण काय? कष्ट कमी होणार असतील तर ते वाईटच, कारण माणूस इतरांसाठी कष्ट करायलाच जन्मलेला आहे. आणि शेवटी खरी गोम : या दिव्यामुळे मेणबत्ती खातं बुडेल. मेणबत्तीला सगळ्या परिषदांची मंजुरी मिळवायला पन्नास वर्षं लागली होती. किती मेणबत्त्या लागतील ते ठरवायचं, मशालींच्या हिशेबाने आखलेल्या योजना नव्याने आखायच्या, हजारो माणसांची कामं बदलायची. इतकं सगळं करून घडी कुठे बसते आहे, तोवर हा बाबा काचेची पेटी घेऊन हजर! दिवा फोडून टाकायचं ठरतं. तरुण पेटी उचलतो आणि खिडकीची काच फोडून बाहेर उडी मारतो.

‘अँथम’ १९३७ साली लिहिली गेली आणि १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्याबद्दल बोलणारे बहुतेक जण त्या जगातून हद्दपार झालेल्या ‘मी’ या शब्दाबद्दल बोलतात. तो उच्चारणाऱ्याला तिथे जिवंत जाळतात. कल्पना ठसठशीत आहे यात शंका नाही. मला मात्र मेणबत्ती खातं जास्त भेदक वाटतं. हुकूमशाही म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बूट, चाबूक आणि तुरुंग येतात. ‘अँथम’मध्ये चाबूक आहे, तुरुंगही आहे. पण तुरुंगाची कुलपं जुनी झालेली आहेत आणि नायक दाराला खांदा लावून आरामात बाहेर पडतो. त्याला अडवतं ते टिपण, त्याला अडवते ती मंजुरी. दिवा लागला हे परिषदेला दिसतं आहे, दिवा खोटा आहे असं कुणीही म्हणत नाही. हरकत एवढीच की तो योजनेत बसत नाही.

सक्तीची सामूहिकता शोधाचा गळा कसा घोटते, याचं उत्तर अशा भयस्वप्नी कादंबऱ्या फार नेमकं देतात. ज्ञानाचा द्वेष हे त्याचं कारण क्वचितच असतं. कारण असतं ते हिशेब. प्रत्येक माणूस, प्रत्येक तास, प्रत्येक वस्तू आधीच कुठल्यातरी रकान्यात बसवलेली असली की नव्या गोष्टीला रकानाच उरत नाही. आणि सगळ्यांची संमती लागत असेल, तर नकार द्यायला एकच माणूस पुरतो.

आता तो दिवा तयार कसा झाला ते पाहा. नायकाचं नाव इक्वॅलिटी ७-२५२१. रस्ते झाडता झाडता त्याला एक लोखंडी जाळी सापडते. जाळीखाली जुन्या युगातला भुयारी रेल्वेचा बोगदा. रोज संध्याकाळी सगळी वस्ती नाटकगृहात बसलेली असते तेव्हा हा तीन तास तिथे खाली उतरतो. चोरलेल्या मेणबत्त्या, चोरलेली हस्तलिखितं. एकदा तांब्याच्या तारेला टांगलेल्या मेलेल्या बेडकाचा पाय झटका देतो. अठराव्या शतकात इटलीत गॅल्व्हानीला दिसलं होतं तेच हे. मग तांबं, जस्त आणि मिठाचं पाणी. दोन वर्षं हा उद्योग चालतो. परिषदेला या दिव्याचा राग आला, पण खरं तर तिला त्या तीन तासांचा राग यायला हवा होता. दिवा हे त्या तासांचं पीक.

हेच सूत्र हातात धरून बाकीच्या कादंबऱ्या वाचल्या की एक गंमत लक्षात येते. या सगळ्या लेखकांचं राजकारण वेगळं, स्वभाव वेगळे. पण प्रत्येकाने आपली अत्याचारी राजवट उभी करताना पहिला पहारा बसवला तो रिकाम्या वेळावर.

येवगेनी झाम्यातिनच्या ‘आम्ही’ या कादंबरीत, जी १९२०–२१ मध्ये लिहिली गेली, वेळेचा एक तक्ता आहे. लाखो माणसं एकाच मिनिटाला उठतात, एकाच क्षणी चमचा तोंडाकडे नेतात, आणि एक घास पन्नास वेळा चावायचा हेही ठरलेलं आहे. दिवसात दोन तास मात्र खासगी : चार ते पाच आणि रात्री नऊ ते दहा. निवेदक डी-५०३ हा या राज्याचा निष्ठावान इंजिनिअर. त्या दोन तासांची त्याला लाज वाटते. कधी ना कधी तेही तक्त्यात येतील, अशी त्याला मनापासून आशा आहे. गुलामाने आपल्या उरल्यासुरल्या दोन तासांबद्दल दिलगीर असावं, यापेक्षा जास्त थंडगार चित्र मी तरी वाचलेलं नाही. ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये नायक विन्स्टनच्या खोलीत पाळत ठेवणारा टेलिस्क्रीन जरा आडवळणी भिंतीवर बसवलेला असतो. त्यामुळे पुस्तकांच्या कपाटासाठी ठेवलेला एक कोनाडा त्याच्या नजरेतून सुटतो. विन्स्टन रोजनिशी उघडतो ती या कोनाड्यात बसून. खोली अशी बांधली नसती तर कदाचित ती कादंबरीच सुरू झाली नसती. व्हॉनेगटने तर १९६१ च्या ‘हॅरिसन बर्जरॉन’ या कथेत तासांचाही प्रश्न निकालात काढला. साल २०८१. सगळे समान व्हायचे म्हणून सुंदर माणसांना मुखवटे, चपळ नर्तिकांना वजनं. बुद्धिमान माणसाच्या कानात एक यंत्र, आणि दर वीस सेकंदांनी त्यात कर्कश आवाज. कुठलाही विचार विसाव्या सेकंदापलीकडे जाऊच नये. नायकाचा बाप टीव्हीपुढे बसलेला असतो आणि त्याचं प्रत्येक वाक्य असं मध्येच तुटत राहतं. ती कथा सात-आठ पानांची आहे. पण दोन वाक्यांच्या मध्ये होणारे ते आवाज वाचताना आपल्याच कानात घुमायला लागतात.

झाम्यातिनबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण त्याला हे जग आतून माहीत होतं. तो जहाजबांधणीचा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये न्यूकासलला राहून त्याने रशियासाठी बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख केली. ‘आम्ही’मधल्या राज्याचा आदर्श तत्त्ववेत्ता मार्क्स नाही, तर फ्रेडरिक टेलर आहे. कारखान्यात कामगाराच्या हाताची प्रत्येक हालचाल घड्याळाने मोजणारा तो अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ. प्राचीन लोकांनी कुणा कांटवर ग्रंथालयं भरून लिहिलं आणि या टेलरकडे लक्षच दिलं नाही, याचं डी-५०३ ला आश्चर्य वाटतं. क्रांतीनंतरच्या रशियाबद्दल लिहिताना झाम्यातिनने अमेरिकेतला स्टॉपवॉच उचलला. याचा अर्थ त्याला कळलं होतं की माणसाचा आकडा करायला लाल झेंडाच लागतो असं नाही. पुस्तक १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीतून आलं. लेखकाने १९३१ मध्ये स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि १९३७ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. मायदेशी ही कादंबरी छापून यायला १९८८ उजाडलं.

रँडशी माझं भांडण इथे सुरू होतं. तीही रशियातलीच. १९२६ साली देश सोडून अमेरिकेत आली. सामूहिकतेची सक्ती झाली की माणूस पुन्हा मेणबत्तीपर्यंत मागे जाईल, असं तिचं भाकीत. कादंबरी म्हणून ते झकास आहे, इतिहास म्हणून मात्र चुकीचं. ४ ऑक्टोबर १९५७ ला आकाशात पहिला कृत्रिम उपग्रह गेला तो सोव्हिएत संघाचा. म्हणजे घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच. स्पुतनिकमागचा मुख्य माणूस सर्गेई कोरोल्योव १९३८ मध्ये पकडला गेला होता आणि कोलिमाच्या छळछावणीतून जेमतेम जिवंत परतला होता. मग त्याला कैदी शास्त्रज्ञांच्या एका संस्थेत विमानांच्या आराखड्यांवर बसवलं. पुढे अग्निबाण त्याच्या हातून उडाले, पण १९६६ मध्ये तो मरेपर्यंत जगाला त्याचं नाव सांगितलं गेलं नाही. त्याच देशात निकोलाय वाव्हिलोव्ह, पिकांच्या बियाण्यांचा केवढा मोठा साठा उभा करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ, १९४० मध्ये पकडला गेला आणि १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात मेला. १९४८ च्या ऑगस्टमध्ये राज्यकर्त्यांचा वरदहस्त असलेल्या कृषितज्ज्ञ लायसेन्कोच्या मंडळींनी अनुवंशशास्त्रच अधिकृतपणे मोडीत काढलं. अग्निबाण हवा, जनुक नको! राज्याला उपयोगी शोधाला कोठडीतसुद्धा टेबल मिळतं, आणि ज्याने राज्याच्या सिद्धान्ताला धक्का बसतो त्याला नुसती कोठडी.

ऑर्वेलला हे रँडपेक्षा स्वच्छ दिसलं. ‘१९८४’च्या ओशियानियात शेतं घोड्यांच्या नांगराने नांगरली जातात आणि कादंबऱ्या यंत्रावर लिहिल्या जातात. विन्स्टनची प्रेयसी ज्युलिया, तिचं काम त्या कादंबरी-यंत्राची मोटर सांभाळायचं. संशोधन चालू असतं ते युद्धासाठी आणि माणसांवर पाळत ठेवण्यासाठी. झाम्यातिनचं राज्य तर तंत्रात फारच पुढे गेलेलं, अंतराळयान बांधणारं. त्यांना फक्त एक अवयव अडतो, कल्पनाशक्ती. शेवटी क्ष-किरणांनी मेंदूतला तेवढा भाग जाळून टाकायची शस्त्रक्रिया सक्तीची होते. डी-५०३ वर ती होते, आणि आपली प्रेयसी छळाखाली कशी पांढरीफटक पडते हे तो शांतपणे, टिपणं काढल्यासारखं लिहून ठेवतो. त्याच्या हाताखालचं यान मात्र तयार असतं.

या साऱ्यांत सर्वांत सभ्य आणि म्हणून सर्वांत घातक मला हक्सलीचा मुस्तफा माँड वाटतो. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) मध्ये हा जागतिक नियंत्रक जीवशास्त्रावरचा एक नवा निबंध वाचतो. काम उत्कृष्ट आहे, हे त्याला कळतं. कळणारच, कारण तरुणपणी तो स्वतः पदार्थवैज्ञानिक होता. बेटावर जाऊन संशोधन कर किंवा इथे राहून राज्य चालव, असा पर्याय त्याला मिळाला आणि त्याने खुर्ची घेतली. तर हा माणूस त्या निबंधावर प्रसिद्ध करू नये असा शेरा मारतो, शेऱ्याखाली रेघ ओढतो, आणि लेखकावर लक्ष ठेवावं, गरज पडल्यास दूर सेंट हेलेनाच्या केंद्रावर त्याची बदली करावी असंही लिहितो. थोडं वाईट वाटतं त्याला. पुढे तो सहज सांगून जातो की शोधखात्यात श्रम वाचवणाऱ्या हजारो योजना पडून आहेत. वापरायच्या नाहीत. लोकांना फावला वेळ मिळाला तर ते बेचैन होतील. शेतीवर मुद्दाम एक तृतीयांश लोक ठेवले आहेत, कारण कारखान्यापेक्षा जमिनीतून अन्न काढायला जास्त वेळ लागतो! इथे कुणी दिवा फोडत नाही. दिवा नीट क्रमांक घालून फडताळात ठेवला जातो. मेणबत्ती खात्याच्या आरडाओरड्यापेक्षा हे काम किती सफाईदार.

रँडचा दुसरा घोटाळा तिच्या लाडक्या ‘एकट्या’ माणसाबद्दलचा. तिचा नायक एकटा शोध लावतो म्हणे. पण बोगद्यातल्या तारा कुणाच्या? आधीच्या युगातल्या कारागिरांच्या. हस्तलिखितं कुणाची? विद्वानांच्या घरातून पळवलेली. आणि बोगद्याची वाट सापडली तेव्हा बरोबर असलेला मित्र, इंटरनॅशनल ४-८८१८, कायदा मोडून गप्प बसला, म्हणून तर ते तीन तास वाचले. त्या मित्राला कादंबरीत फार जागा नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. शोधाला माणसं लागतातच. एडिसनच्या मेन्लो पार्कमधल्या प्रयोगशाळेत सहायकांची अख्खी फौज होती. प्रश्न ती माणसं आपण निवडलेली असतात की आपल्यावर नेमलेली, एवढाच. स्वखुशीने जमलेली चार डोकी आणि सक्तीने बसवलेली परिषद यांतला फरक रँडने पुसून टाकला. त्यामुळे तिचं पुस्तक शेवटी शेवटी घोषणा द्यायला लागतं. शेवटची दोन प्रकरणं मी उत्साहाने कुणाला वाचायला देणार नाही.

शिवाय मेणबत्ती खातं फक्त सरकारातच असतं असंही नाही. १९२४ साली जिनीव्हात विजेच्या दिव्यांच्या मोठमोठ्या कंपन्यांनी, ओसराम आणि फिलिप्ससारख्यांनी, फीबस नावाचा संघ केला. बाजारपेठा वाटून घेतल्या आणि ठरवलं की दिवा हजार तासांच्या आसपासच चालला पाहिजे. त्याआधी तो दीड-दोन हजार तास चालत असे. ज्याचा दिवा जास्त टिकेल त्या कारखान्याला दंड! चांगला दिवा बनवल्याबद्दल दंड करणारी परिषद रँडच्या कादंबरीच्या तेरा वर्षं आधी अस्तित्वात होती, आणि तिच्यात एकही साम्यवादी नव्हता. रँडने याच्यावर एखादी कादंबरी लिहिली असती तर बहार आली असती.

पण मराठी वाचकाने ‘अँथम’ हातात घेतल्यावर त्याला जे पहिल्यांदा टोचायला हवं ते वेगळंच आहे. नायकाला विद्वान व्हायचं होतं. व्यवसाय ठरवणाऱ्या परिषदेने त्याला रस्ते झाडायला पाठवलं, आणि आयुष्यभरासाठी. रँडला हा भविष्यातला, कल्पनेतला अन्याय वाटला. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि मंडळाने होऊ न दिलेलं आपलं भाषण डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्वतः छापून प्रसिद्ध केलं. कादंबरी लिहिली गेली त्याच्या आदल्याच वर्षी. त्यात सामाजिक न्यायाच्या बरोबरीने एक कोरडा आर्थिक मुद्दाही आहे : माणसाचा कल किंवा कुवत न पाहता आईबापांच्या दर्ज्यावरून त्याचं काम आधीच ठरवलं, तर उद्योग खुंटतो. धंदा बदलायची मोकळीक नाही म्हणून माणूस बेकार राहतो. आणि ज्या कामाची त्याला शिसारी आहे त्यात त्याचं मन आणि डोकं लागत नाही. सक्तीचा समूह शोधाला कसा मारतो याचं हे विवेचन. फरक इतका की यात राज्य नाही, योजना नाही, परिषदेची बैठक नाही. नकार देणारी माणसं शेजारीपाजारीच राहतात, आणि बेकायदेशीर असं काहीच घडत नसतं.

आपल्याकडे रँडचे वाचक पुष्कळ. तिच्या ‘फाउंटनहेड’ कादंबरीची पारायणं करून गुणवत्ता, व्यक्ती, कर्तृत्व यावर रात्र रात्र वाद घालणारी मंडळी कॉलेजच्या प्रत्येक पिढीत भेटतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची गाडी थोड्या वेळाने आरक्षणावर येऊन थांबते. तिथे रँडचा दाखला देताना त्यांना तिच्या नायकाच्या हातातला झाडू दिसत नाही. ‘अँथम’मधली ती दुष्ट परिषद निदान मुलाच्या पंधराव्या वर्षापर्यंत थांबते. त्याला शाळेत बसू देते, समोर उभं करते आणि मग काम नेमून देते. हे छोटं पुस्तक आणि ते भाषण, दोन्ही एका रविवारात वाचून होतात. सोमवारी पुन्हा वाद घालायला बसू.